जोहार ते जय भीम : कोकणातून थोडी भर

‘जय भीम’ हे अभिवादन १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर रूढ झाले, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. त्याच्या प्रसाराचे श्रेय ज्यांना दिले जाते ते कामठीचे बाबू हरदास १९३९ मध्येच वारले. म्हणजे धर्मांतराच्या कितीतरी आधी, विदर्भातील कामगार चळवळीत हे अभिवादन कार्यकर्त्यांच्या तोंडी होते. ‘नमो बुद्धाय’ मात्र नंतरचे, एवढे मान्य.

आता जोहाराविषयी, म्हणजे ‘जय भीम’च्या आधीच्या अभिवादनाविषयी, थोडे लिहितो. आमच्या महाडकडच्या गावात महार माणसाने गावकऱ्यांना दुरून, वाकून जोहार घालायचा अशी रीत होती, आणि समोरच्याने त्याच शब्दात उत्तर देण्याचा प्रश्नच नव्हता, असे मी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर ही रीत एका रात्रीत संपली नाही. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबणारे चाकरमानी शिमग्याला गावी येत, ते वाडीत एकमेकांना ताठ मानेने ‘जय भीम’ घालत, आणि त्याला ‘जय भीम’ हेच उत्तर मिळे. माझ्या मते या अभिवादनाचे खरे सामर्थ्य या बरोबरीत आहे: बाप मुलाला, म्हातारी शाळकरी नातीला आणि पुढारी साध्या कार्यकर्त्याला तेच शब्द म्हणतो, आणि तेच परत ऐकतो.