अनुभव धागा: साथीतलं बाळंतपण आणि गेटबाहेरचा नवरा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. मार्च 2020 च्या कोविड लॉकडाऊनने सोलापुरात ती मोडली. कर्नाटकातली इंडी, विजापूर, गुलबर्गा ही माहेरगावं एकदम परमुलूख झाली, पासशिवाय गाडी हलेना. आई येऊ शकत नाही, सासूबाईंना बीपी-शुगर, म्हणून सगळं नवऱ्यावर आलं. आणि प्रसूती वॉर्डात नेमका त्यालाच मज्जाव. ज्यांनी हे निभावलं त्यांनी रडगाणं बाजूला ठेवून, वर आपला भाग टाकून कामाचं तेवढं लिहावं.

जुळे सोलापूर
आधी डॉक्टरांकडून एक ठरवून घ्यावं: कोणत्या भेटी फोनवर भागतात आणि कोणत्या नाही. 11 ते 13 आठवड्यांची सोनोग्राफी, 18 ते 20 ची व्यंग तपासणारी, 24 ते 28 मधली ग्लुकोजची तपासणी आणि चार आठवड्यांच्या अंतराने धनुर्वाताच्या दोन लसी यांना प्रत्यक्ष जावंच लागतं. मधल्या भेटी फोनवर होतात, पण मग घरात बीपीचं मशीन हवं. पाच मिनिटं टेकून बसवा, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीत, मोजताना बोलणं बंद. बाही वर सरकवून तिच्यावरच पट्टा बांधला की आकडा चुकतो. 140/90 आलं तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तेच आलं तर त्याच दिवशी फोन. 160/110 असेल, किंवा डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बरगडीखाली दुखतंय, तर फोनच्या भानगडीत न पडता निघा.

पूर्व भाग
आमच्याकडे घरोघरी विड्या. एरवी बायका ओट्यावर बसून वळतात, लॉकडाऊनमध्ये सगळं एका खोलीत आलं आणि तंबाखूचं सूपही तिथेच. गरोदर बाईने वळू नयेच. इतर कोणी वळत असेल तर तंबाखू तिच्या अंथरुणापासून लांब, दार उघडं, आणि झाडलोट नवऱ्याने करावी. धूळ उडते ती तेव्हाच.

लोहाच्या गोळ्या आशाताई आणून देतात, पण पोटात जातात का ते नवऱ्याने बघायचं. चहाबरोबर घेतली तर फुकट. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी बंद करतात, काळं होणारच.

अक्कलकोट तालुका
गाडीसाठी 102 आणि तातडीला 108, दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत. संचारबंदीत खाजगी गाडीवाले रात्री नाही म्हणत, म्हणून एक गाडीवाला आधीच सांगून ठेवावा. नाक्यावर माता-बाल संरक्षण कार्ड दाखवलं की सहसा सोडत.

निघायचं कधी? कळ सुरू झाल्यापासून पुढची कळ सुरू होईपर्यंतचं अंतर मोजायचं. बरेच जण कळ संपल्यापासून मोजतात, हिशोब चुकतो. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, जवळजवळ मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघा. खेड्यातून यायचं असेल तर त्याच्याही आधी. अंगावरून पाणी (गर्भजल) गेलं तर वेळ लिहून ठेवा; हिरवट असेल किंवा रक्त असेल तर कळांची वाटच बघू नका.

डफरीन चौकाजवळून
भरतीच्या वेळी अडायचं ते नावावर. आधारवर माहेरचं नाव, सोनोग्राफीवर सासरचं, कोविडच्या रिपोर्टवर तिसरंच. घशातला नमुना देतानाच नाव आधारप्रमाणे लिहायला सांगावं लागायचं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) एप्रिल 2020 मध्ये सांगितलं होतं की हॉटस्पॉटमधल्या, पाच दिवसांत प्रसूती अपेक्षित असलेल्या बाईची लक्षणं नसली तरी चाचणी करावी; आणि चाचणी नाही म्हणून तातडीची प्रसूती थांबवू नये, हे त्यांच्या मे 2020 च्या सूचनांत होतं. हे वाक्य तेव्हा गेटवर शांतपणे सांगता यायला हवं होतं.

पिशव्या दोन करा, एक कळा चालू असतानाची, एक नंतरची. एकच गाठोडं दिलं की आतली मावशी लंगोट शोधता शोधता सगळं जमिनीवर काढते. पहिलीत पाण्याची बाटली, गाऊन, फाईलच्या झेरॉक्स, चार्जर. वायर लांब घ्या, प्लग खाटेपासून लांब असतो. दुसरीत जुन्या सुती साडीची डझनभर दुपटी, झबली, टोपडं, पॅड. दोन्हीवर चिकटपट्टी लावून मार्करने नाव, वॉर्ड, नवऱ्याचा मोबाईल. पेनाचं अक्षर सॅनिटायझरने पुसतं.

रक्ताबद्दल, थोडक्यात
रक्तदान शिबिरं बंद होती, रक्तपेढ्यांत तुटवडा. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार दाते सांगून ठेवावेत: हिमोग्लोबिन 12.5 किंवा जास्त, आधीच्या रक्तदानाला पुरुषाला तीन, बाईला चार महिने झालेले. नवऱ्याचं रक्त थेट बायकोला देणं टाळतात, बदली म्हणून पेढीला दिलेलं चालतं. बायको निगेटिव्ह गटाची आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर अँटी-डी चं इंजेक्शन 72 तासांच्या आत. ते मिळेल कुठे, हे आधी शोधून ठेवा.

प्रसूती वॉर्डातली परिचारिका
नवरे फोनवर विचारतात, "बरी आहेस ना?" ती म्हणते, "हो." याने काही कळत नाही. तीन प्रश्न विचारा. लघवी झाली का? पॅड किती वेळात भिजतंय? बाळाने शेवटचं दूध कधी घेतलं? तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर तिला फोन चालूच ठेवून सिस्टरला हाक मारायला लावा. कोविड पॉझिटिव्ह आईनेही मास्क लावून, हात धुऊन पाजायचं असतं. घाबरून पावडरच्या दुधाचा डबा आणून द्यायची घाई नको. दूध आटायला तेच कारण होतं.

वरच्याला पुरवणी, होटगी रोड
आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, त्यात घरी आणलेलं बाळ टोपडं, मोजे, दुलई घालून गुंडाळतात. अंग तापतं आणि घरात कोविडची बोंब उठते. आधी कपडे कमी करा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरीही 100.4 किंवा जास्त असेल तर दवाखाना. पाणी, मध, गुटी काही नाही, फक्त दूध. पाचव्या दिवसापासून शी नव्हे, शू मोजायची; रोज निदान सहा वेळा हवी.

आणि घरी सोडताना बीसीजी, पोलिओचा जन्मावेळचा डोस, कावीळ ब ची लस कार्डावर तारखेसह चढलीय का बघा. वॉर्ड बदलले गेले तेव्हा हेच राहून जायचं. तारीख नसेल तर गेटवरूनच कार्ड परत आत पाठवा.