मदत हवी आहे: पंचआउटमध्ये दुसऱ्या क्लिकलाच लॉगिन गायब

आमचं ऑनलाइन स्टोअर एका मोठ्या कंपनीच्या खरेदी सिस्टीमला सीएक्सएमएल पंचआउटने (खरेदीदार त्यांच्या सिस्टीममधून आमच्या स्टोअरमध्ये येतो, कार्ट भरतो आणि ते परत तिकडे जातं, ती पद्धत) जोडतोय. सेटअप रिक्वेस्ट येते, शेअर्ड सीक्रेट (दोघांकडचा सामायिक पासवर्ड) जुळतं, आम्ही स्टार्ट पेजची यूआरएल परत देतो. इथवर सगळं सुरळीत. पण त्यांच्याकडे स्टोअर आयफ्रेममध्ये, म्हणजे त्यांच्याच पानातल्या चौकटीत उघडतं आणि दुसऱ्या क्लिकलाच लॉगिन गायब! वेगळ्या टॅबमध्ये मात्र व्यवस्थित चालतं, म्हणजे घोळ सेशन कुकीचाच (लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली नोंद). क्रोम 2020 पासून सेमसाइट (कुकी दुसऱ्या साइटच्या आत चालेल का, ते ठरवणारं सेटिंग) न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’ धरतो, म्हणजे अशा चौकटीत पाठवत नाही, म्हणून ‘नन’ (सगळीकडे पाठव) आणि ‘सिक्युअर’ (फक्त एचटीटीपीएसवर) लावलं. क्रोममध्ये जमलं, सफारीत ये रे माझ्या मागल्या. त्यांचे आयटीवाले "वेगळ्या टॅबचं सेटिंग आमच्या हातात नाही" म्हणून मोकळे.

कुकीऐवजी टोकन (लॉगिनची खूण) यूआरएलमधून फिरवावं का? मला तरी ते धोक्याचं वाटतं. लिंक कुणी मेलवर पुढे पाठवली की संपलंच.

जाता जाता आणखी एक: परत जाणाऱ्या कार्टमध्ये प्रत्येक वस्तूला यूएनएसपीएससी या आंतरराष्ट्रीय वर्गवारीचा 8 अंकी कोड हवाय. आमची वर्गवारी पूर्णपणे आम्हीच ठरवलेली, वस्तू हजारोंनी. हे मॅपिंग हाताने केलंत की काही युक्ती आहे? कुणी निस्तरलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात टेस्टिंग आहे.