प्रतिसाद: घरापुढचा गडगा

चांगल्या छायाचित्रांसाठी लडाख किंवा हिमालयच गाठावा लागतो, या मताशी मी सहमत नाही. रत्नागिरीत आमच्या घरापुढे जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, आहे आणि रोज त्याच्या कडेने जाऊनही तो मी कधी नीट पाहिला नव्हता. गेल्या पावसाळ्यात कॅमेरा घेऊन त्याच्यासमोर बसलो, तेव्हा ध्यानात आले की लोहाच्या ऑक्साइडांमुळे तांबूस झालेला हा सच्छिद्र दगड पाणी धरून ठेवतो, त्यामुळे त्यावर शेवाळ आणि नेचे रुजतात आणि एकाच दगडावर हिरव्या-तांबड्याच्या कितीतरी छटा उतरतात. ढगाळ आभाळाचा प्रकाश विखुरलेला असल्याने सावल्या कठोर पडत नाहीत. कडक उन्हात हाच गडगा निर्जीव दिसतो. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी करता येते, अर्थात साध्या मोबाइलवरही काही बिघडत नाही. दिवाळीनंतर शेवाळ वाळून काळपट पडते, म्हणून त्याच जागेवरून दरमहा एक छायाचित्र घेण्याचा नेम मी ठेवला आहे. आजोबांनी हा गडगा चुना न वापरता, केवळ दगडावर दगड रचून घातला होता. कोणता दगड कशावर तोलला आहे, हे मला छायाचित्र मोठे करून पाहताना प्रथमच कळले.