मदत हवी आहे: जुन्या कार्टूनच्या सेल शीट्स बटरपेपरला चिकटल्यात, काय करू?

सासूबाई १९७०च्या दशकात मुंबईत जाहिरातींची कार्टून्स करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत इंकिंग-पेंटिंगला होत्या, स्टुडिओ बंद झाला तेव्हा रद्दीत चाललेला माल त्या घरी घेऊन आल्या आणि तो इतकी वर्षं डोंबिवलीत माळ्यावर पडून होता. आता बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय म्हणून ट्रंक खाली काढली. आत सेल्सचे (कार्टूनची चित्रं रंगवलेल्या पारदर्शक प्लास्टिक शीट्सचे) गठ्ठे, पेन्सिल ड्रॉइंग्ज आणि १६ एमएम फिल्मचे डबे. एक डबा उघडला तर असा आंबूस भपकारा आला की मुलगा विचारतो, व्हिनेगर सांडलं का.

नेटवर वाचून एवढं कळलं की याला व्हिनेगर सिंड्रोमच म्हणतात, ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म गरम दमट हवेत खराब व्हायला लागली की ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि मग तेच ॲसिड बाकीच्या फिल्मला आणखी भराभर खातं. सेल्सपण ॲसिटेटच्याच असाव्यात, वाकड्यातिकड्या झाल्यात. पण जास्त टेन्शन रंगाचं आहे. रेषा पुढून आणि रंग मागून भरलेला असतो, तो मागचा रंग बटरपेपरला चिकटलाय, कुठे कुठे पोपडे सुटलेत. ओढून काढू का तसंच ठेवू? फ्रेमवाला म्हणतो लॅमिनेट करून देतो, शंभर वर्षं बघायला नको. मला काही पटेना.

सासूबाई म्हणतात टाकून द्या, कसलं आलंय आर्ट, आम्हाला नगावर पैसे मिळायचे. पण कुठल्या नंबरचा रंग कुठे लागायचा ते त्यांना अजून पाठ आहे!

पावसाळ्याआधी काय करता येईल?

प्रतिसाद १
ताई, लॅमिनेशन अजिबात नको, उष्णतेने सेल जाईल. ओढूही नका, कागदासकट रंग निघेल. लॉस एंजेलिसला गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट आणि डिस्नेच्या संग्रहाने मिळून यावर काम केलंय, आर्द्रता मोजूनमापून वाढवली की सुटलेला रंग नरम होऊन परत बसतो. पण ते लॅबमध्ये हां, घरी कुकरच्या वाफेवर धरू नका :) वास येणारे डबे आजच वेगळ्या खोलीत हलवा. सेल्स आडव्या ठेवा, पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये नको, हवाबंद पिशवीत तर नकोच, ॲसिडची वाफ आतच कोंडते. डांबरगोळ्या असतील तर काढा.

प्रतिसाद २
पुण्याचं फिल्म अर्काइव्ह (१९६४ पासूनचं, आता एनएफडीसी म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे) आणि मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन, दोन्हीकडे आधी फोटो पाठवून विचारा. देणार असाल तर दान की नुसतं सांभाळायला, ते लेखी घ्या. आणि आजींचे ते रंगांचे नंबर मोबाइलवर रेकॉर्ड करा हो, सेलच्या फोटोसोबत.

धागाकर्ती
दोघांचेही आभार, डबे गॅलरीलगतच्या खोलीत हलवले. रेकॉर्डिंगला सासूबाई तयार आहेत, फक्त साडी बदलून बसणार म्हणतात. अजून एक, ॲसिड किती झालंय ते रंग बदलून दाखवणाऱ्या ए-डी स्ट्रिप्स मिळतात म्हणे, निळ्याच्या हिरव्या-पिवळ्या होतात त्या, तर भारतात कोणी मागवल्यात का? अख्खं पाकीट नको, कोणाकडे उरल्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.