प्लास्टर सोसायटीचं, काच माझी, आणि चूकही माझीच?

कोथरूडचा त्रस्त
परवा इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "जुन्या इमारतीखाली गाडी लावायची आणि वरून काही पडलं की सोसायटीच्या नावाने गळा काढायचा. इन्शुरन्स मग कशाला भरता?" तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते इतकं वाढलं की वेगळा धागा काढतोय.

आमची इमारत ३४ वर्षांची. तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्याखाली, ड्रेनेजच्या पाइपाला चिकटून पिंपळ उगवलाय. गेल्या वर्षी वीतभर होता, यंदा अंगठ्याएवढी मुळं प्लास्टरमध्ये शिरलीत. फेब्रुवारीत कमिटीला फोटोसकट पत्र दिलं, प्रतीवर सही-शिक्का घेतला. जुलैत एका पहाटे ताटाएवढा पोपडा खाली. मागची काच गेली, डिकीला खड्डा. काचेच्या चुऱ्यात पिंपळाचं एक लालसर कोवळं पान होतं. ते जपून ठेवलंय. पुरावा म्हणून नाही, रागापोटी.

बिल २६,४००. आता इन्शुरन्सचं ऐका. काचेला घसारा नाही, पण प्लास्टिक-रबराला ५० टक्के कापतात, वर सक्तीचे १,००० आपल्याच खिशातले. आणि एक क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य. माझा ५० टक्क्यांना पोचला होता. पुन्हा तिथवर जायला विनाक्लेम पाच वर्षं. हलगर्जीपणा कमिटीचा, हप्ते मी फेडायचे?

सडेतोड
तो सद्गृहस्थ मीच. शब्द मागे घेत नाही. सोसायटी म्हणजे कोण हो? तुम्हीच ना? २० फ्लॅट धरले तर त्या २६,४०० मधले १,३२० तुमच्याच खिशातून जाणार. शिवाय गेटवर पाटी असेलच, "वाहने मालकाच्या जबाबदारीवर". बोनस वाचवायचं ॲड-ऑन (जादा हप्त्याचं कव्हर) मिळतं, ते घ्यायचं नाही, मग रडायचं.

कोर्टाची पायरी
पाटी लावून निष्काळजीपणा माफ होत असता तर वकिलांनी पाट्याच रंगवल्या असत्या. दिल्ली महापालिका विरुद्ध सुभागवंती, १९६६. चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं गेली. महापालिका म्हणाली, दोष वरून दिसत नव्हता. सुप्रीम कोर्ट म्हणालं, रस्त्यालगतच्या बांधकामाची निगा मालकाने राखायची, दोष दिसो वा न दिसो. इथे तर दोषाचा फोटो आहे आणि त्यावर पोच आहे. बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, हे आदर्श उपविधींतच, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांतच आहे.

दाव्याला मुदत तीन वर्षं. पण २६ हजारांसाठी दिवाणी कोर्टात जाऊ नका, हे मी वकील असून सांगतो. नोटीस पाठवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

बिनपगारी सेक्रेटरी
नऊ वर्षं हे काम करतोय (यांच्या सोसायटीत नाही, सुदैवाने). पिंपळाचं मला विचारा. कापला की दोन महिन्यांत परत फुटतो. मूळ खणून काढायचं तर दोरावर लटकणारा माणूस लागतो. आमच्याकडे आला, वर गेला, बघितलं आणि खाली उतरला. "साहेब, पिंपळाला मी हात नाही लावणार." दुसरा म्हणाला, आधी पूजा करा. पूजा केली, नारळ फोडला, तर पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हरकत घेतली.

आणि पैशाचं बोला. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का हवा. सर्वसाधारण सभेत हा विषय काढला की सगळ्यांना चहाची आठवण होते. बाहेरून प्लास्टरचं कोटेशन तीनदा आणलं. मंजूर काय झालं? गेटला ग्रॅनाइट.

बी विंग
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. गाडी छज्ज्याखाली उघड्यावर का होती? कारण स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या जागा कमिटीवाल्यांनी वाटून घेतल्या असणार. २०१० मध्ये दहिसरच्या एका सोसायटीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं, स्टिल्ट सामाईक, बिल्डरला ती विकताच येत नाही. तरी आमच्याकडे "मी चार लाख मोजलेत" म्हणत एक जण साखळी लावून बसलाय. साखळीला कुलूप, कुलपाला प्लास्टिकची पिशवी, पावसात गंजू नये म्हणून!

बिनपगारी सेक्रेटरी
"कमिटीवाल्यांनी वाटून घेतल्या" म्हणजे? माझी स्कूटर आहे. एक. तीही बाहेर असते.

बी विंग
मग तुमच्यातल्या चेअरमनना विचारा. सगळीकडे तेच. पाहुण्यांच्या जागेतही यांचीच दुसरी गाडी, वर कव्हर घातलं की झाली पाहुणी.

बिनपगारी सेक्रेटरी
एक वर्ष सेक्रेटरी होऊन दाखवा. रात्री अकराला "पाणी येत नाही" म्हणून फोन येतील ना, तेव्हा स्टिल्ट-बिल्ट आठवणार नाही.

दादरची माहेरवाशीण
भांडण थांबवा जरा. आमच्या अप्पांच्या फियाटवर नारळ पडला होता, शेजारच्या बंगल्यातला. टपाला असा खळगा की त्यात पाणी साचून चिमण्या प्यायच्या. शेजाऱ्यांनी पैसे दिले नाहीत, पण पुढे दर पावसाळ्याआधी नारळ उतरवून त्यातले सहा आमच्याकडे पाठवायचे. अप्पा म्हणायचे, खळग्यापेक्षा जास्त वसूल झालं.

सडेतोड
म्हणजे यांनी आता पिंपळाची पानं घ्यायची का?
बरं, एक मान्य. फेब्रुवारीचं पत्र आणि पोच हे मला माहीत नव्हतं. पोच असेल तर कमिटीने द्यायला हवेत. पण सगळे नाहीत. पोपडा लोंबताना दिसत असूनही चार महिने गाडी त्याच जागी लावणाऱ्याला काय म्हणायचं?

कोथरूडचा त्रस्त
त्या जागेचे महिन्याला ३०० रुपये सोसायटीच घेते, त्याला पार्किंग म्हणायचं. दुसरी जागा मागितली होती, तेही पत्रात आहे.

असो. काल कमिटीने १३,००० देऊ केलेत, "सहानुभूती म्हणून". मी म्हटलं, सहानुभूती नको, पावतीवर "नुकसानभरपाई" लिहा. तिथे अडलंय. पिंपळ काढायला रविवारी माणूस येतोय म्हणे. वॉचमनने सांगितलं, गाड्या हलवून ठेवा.

बी विंग
कुठे हलवणार? पाहुण्यांची जागा मोकळी आहे का?