प्रतिसाद: फोक्सस्टुर्मचे आर्मबँड, खरे की डुप्लिकेट

वर एकाने लिहिलंय की छपाई वाकडी आणि शिलाई हाताची म्हणजे आर्मबँड नकलीच, हे काही पटलं नाही बुवा. १८ ऑक्टोबर १९४४ ला फोक्सस्टुर्मची, म्हणजे नाझी जर्मनीने दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी उभ्या केलेल्या नागरी फौजेची, घोषणा झाली, १६ ते ६० वयाचे पुरुष भरती, युनिफॉर्म सगळ्यांना पुरणार कुठून, मग दंडावरची पट्टी हीच काय ती सैनिक असल्याची खूण. आणि ती नसेल तर पकडल्यावर सैनिक म्हणून न धरता गोळी घालतील ही भीती होतीच, त्यामुळे जिथे जे कापड मिळालं त्यावर स्टेन्सिल नाहीतर शिक्का मारून काम भागवलं. म्हणजे वाकडी छपाई खऱ्यात आणि नकलीत, दोन्हीकडे सापडणार.

यूव्ही (अतिनील किरणांच्या) टॉर्चचं म्हणाल तर त्याखाली कापड चमकलं की संशय घ्यायचा हे बरोबर, कारण डिटर्जंटमधली ती चमक आणणारी रसायनं घरोघरी पोचली युद्धानंतर. पण खरा पीस नंतर कोणी धुतला असेल तर तोही चमकतो, आणि नकलीवाले हुशार झालेत, जुन्या चादरी कापून करतात, त्या कशाला चमकतील! मी तरी आधी दोरा बघतो. पॉलिएस्टरचा असला की विषय संपला (सुटं टोक जाळलं तर वितळून गोळी होते, त्या वेळचा सुती किंवा व्हिस्कोज, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला दोरा, कागदासारखा जळतो). मग भिंगातून शाई, इंकजेटचे ठिपके लगेच दिसतात. चहाचे डाग पाडून जुनं केलेलं असेल तर रंग शिवणीच्या आतही सारखाच उतरलेला असतो, तिथे जरूर बघा. सोबतच्या "आजोबांच्या पेटीत सापडला" स्टोरीचे पैसे मात्र देऊ नका.