अर्ध्या तासात इंग्रजी निबंध: परीक्षा नक्की कशाची?

खंबाटकी
परवा भाच्याचा जीआरईचा निकाल लागला. गणितात १६८, इंग्रजीत १५४ आणि निबंधात ३. निबंधाला गुण सहापैकी असतात आणि ते अर्ध्या-अर्ध्याने चढतात. पोरगा कोरेगावचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. निकालापासून घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे.

जे या वाटेला गेले नाहीत त्यांच्यासाठी: अमेरिकेत एमएसला जायचं तर बऱ्याच ठिकाणी ही परीक्षा मागतात. सप्टेंबर २०२३ पर्यंत दोन निबंध असायचे, आता एकच आहे. वेळ तीस मिनिटं. पडद्यावर एक विधान येतं. ते तुम्हाला कितपत पटतं आणि का, ते टंकायचं. स्पेलिंग तपासायची सोय नाही आणि घड्याळ उलटं धावत असतं.

माझ्या मते ही विचारांची परीक्षाच नाही. टंकायच्या वेगाची आणि घोकंपट्टीची आहे. यूपीएससीसुद्धा दोन निबंधांना तीन तास देते, आणि तिथे मराठीतून लिहिता येतं. भाचा सांगत होता, पहिलं वाक्य चारदा खोडलं. डोक्यात सारखं 'आजच्या धावपळीच्या युगात' येत होतं आणि हा त्याचं इंग्रजी करत बसला. त्यातच दहा मिनिटं गेली. शेवटचा परिच्छेद अर्धा राहिला, आणि त्याला जे खरंच म्हणायचं होतं ते त्या अर्ध्या परिच्छेदात होतं.

ओहायोची_थंडी
दादा, भाच्याबद्दल वाईट वाटलं, पण मुद्दा पटला नाही.

मी २०११ ला दिली होती, दोन्ही निबंधांसकट. मला ३.५ होते आणि मीही तेव्हा हेच बोलले होते. नंतर इथे टीचिंग असिस्टंट झाले. दर शुक्रवारी पोरांचे चाळीस-चाळीस लॅब रिपोर्ट तपासायचे. 'प्रयोग केला, आकडे आले, आकडे खाली दिले आहेत.' बरं, मग त्यातून निघालं काय? ते दुसऱ्या पानाच्या तळाला, तेही नशीब असेल तर. आपल्याकडून आलेले आम्ही सगळे यात पक्के होतो.

आणि एसओपीचं, म्हणजे 'मला हेच का शिकायचंय' ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनाचं, बोला ना. त्यावर दहा जणांचे हात फिरलेले असतात: सल्लागार, चुलतभाऊ, आता चॅटजीपीटी. वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. त्या तीस मिनिटांत निदान शेजारी दुसरं कोणी नसतं.

फळा_आणि_डस्टर
मी पुण्यात आयईएलटीएस (परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) शिकवतो, म्हणजे ज्या घोकंपट्टीबद्दल बोलणं चाललंय ती मी पैसे घेऊन विकतो. तेव्हा खंबाटकींच्या बाजूने साक्ष देतो.

आयईएलटीएसचा मोठा निबंध म्हणजे चाळीस मिनिटं, किमान २५० शब्द. मुलं येतात तीच साचा मागत. चार परिच्छेद, पहिल्यात विषय फिरवून लिहायचा, शेवटच्यात 'टू कन्क्लूड'. मागच्या बॅचला प्राणिसंग्रहालयावर निबंध दिला होता. वह्या उघडतोय तर एकामागून एक 'डबल-एज्ड स्वोर्ड'. पर्यटनावरही तीच तलवार, मोबाइलवरही तीच. एकीला विचारलं, वाघाच्या पिंजऱ्याची दुधारी तलवार कशी होते गं? म्हणाली, सर, त्याने बँड (म्हणजे गुण) वाढतो. वाढत नाही. पाठ केलेला मजकूर परीक्षकाच्या लक्षात आला तर उलट फटका बसतो, हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. पण घड्याळ सुरू झालं की माणूस हाताला येईल ते उचलतो, आणि हाताला पाठ केलेलंच येतं.

आणि हे नुसतं आपल्याकडचं रडगाणं नाही. एमआयटीत लेखन शिकवणारे लेस पेरेलमन यांनी २००५ मध्ये सॅटचे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचे, नमुना निबंध पाहून दाखवून दिलं होतं की निबंध जितका लांब तितके गुण जास्त. पुढे २०१४ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर एक प्रोग्रॅम बनवला. दोन-तीन शब्द द्या, तो भारदस्त शब्दांत शुद्ध बडबड छापून देई. निबंध तपासणाऱ्या यंत्रांनी त्या बडबडीला उत्तम गुण दिले!

ओहायोची_थंडी
सर, पेरेलमन यांचा रोख तपासण्यावर आहे. गुण लांबी बघून देत असतील तर तपासणी सुधारा, निबंध का काढायचा? शिवाय जीआरईत एक माणूस वाचतो आणि एक यंत्र. दोघांचं जुळलं नाही तर दुसरा माणूस वाचतो.

सॅटनं काय केलं बघा. २००५ ला पंचवीस मिनिटांचा सक्तीचा निबंध आणला, २०१६ ला पन्नास मिनिटांचा करून ऐच्छिक केला, २०२१ ला काढून टाकला. मग अर्जात उरले घरी बसून लिहायचे निबंध. आणि त्यासाठी तासावर पैसे घेणारे लोक आहेत. ते कोणाला परवडतात? कोरेगावच्या पोराला?

आंबटगोड
मुलीनं इंग्लंडमध्ये कायदा शिकायचा म्हणून एलनॅट दिली होती. त्यातला एक प्रकार मला फार आवडला. आधी ४२ पर्यायी प्रश्न, त्यांचे गुण मिळतात. मग चाळीस मिनिटांचा निबंध, तीनपैकी एक विषय. पण या निबंधाला परीक्षावाले गुणच देत नाहीत! तो जसाच्या तसा विद्यापीठाकडे जातो, त्यांना वाचायचा तर ते वाचतात. आपली मतं काय आहेत त्यापेक्षा ती कशी मांडलीत, हे बघतात. एका आकड्यावरून घरात सुतक तरी होत नाही. (आमच्याकडे दुसऱ्या कारणांनी झालं, ते वेगळं.)

फळा_आणि_डस्टर
हे चालेल. पण हजारो अर्ज आले की कोण वाचत बसणार? आकडा सोयीचा पडतो म्हणून तर आहे.

उगाच_आपलं
टोफेल या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेनं २०२३ मध्ये तीस मिनिटांचा निबंध काढला आणि त्या जागी दहा मिनिटांचं नवीन काही आणलं. प्राध्यापक एक प्रश्न टाकतात, दोन विद्यार्थी आपापलं मत लिहितात, आणि तुम्ही किमान शंभर शब्दांत तिसरं मत टाकायचं. म्हणजे इथे आपण रोज कामाच्या वेळेत जे करतो तेच. आपल्यापैकी निम्मे तयारी न करता पास होतील.

ओहायोची_थंडी
😄 खरंय.

दादा, एक प्रयोग करा. इंग्रजी सोडूनच द्या. मी विषय देते: 'शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांना बंदी असावी.' तीस मिनिटं, मराठीत, सरळ टंकायचं. मला वाटतं अडचण इंग्रजीची कमी आहे. आपल्याला शाळेत निबंध म्हणजे सजावट शिकवली. आधी प्रस्तावना, मग एक सुविचार, मग फायदे, मग तोटे, आणि शेवटी 'योग्य वापर केल्यास'. बाजू घ्यायची म्हणजे उद्धटपणा वाटतो आपल्याला. या परीक्षेत बाजू पहिल्या चार ओळींत सांगावी लागते, बस.

खंबाटकी
ताई, आव्हान घेतलं. काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो, बायकोला मोबाइलवर तीस मिनिटांचा गजर लावायला सांगितला.

जसं झालं तसं सांगतो. पहिली नऊ मिनिटं सुरुवातीत गेली, आणि माझी सुरुवात 'वाढते शहरीकरण ही काळाची गरज असली तरी' अशी आहे. मग साताऱ्याच्या राजपथावरच्या पार्किंगबद्दल एक परिच्छेद लिहिला, तो बरा झालाय. मग वाटलं समतोल हवा, म्हणून रिक्षावाल्यांची बाजू घातली. मग व्यापाऱ्यांची. गजर झाला तेव्हा बंदी असावी की नसावी, हे लिहायचं राहिलं होतं.

तरीही, मराठीत टंकायला मला इंग्रजीपेक्षा वेळ लागतो, ते धरा. आणि वेळ आणखी पंधरा मिनिटं हवा, हे माझं मत कायम आहे. एवढं मात्र कबूल, की माझी गाडी अडली ती स्पेलिंगवर अडली नाही.

भाचा एकवीस दिवसांनंतरची तारीख बघतोय. त्याला माझा निबंध वाचायला दिला. वाचून म्हणाला, "मामा, अडीच. तेही पहिलं वाक्य सोडून."